मिरजेची ताम्रमुद्रित गीता

मिरजेची ताम्रमुद्रित गीता ही शके १७२७ (इ.स. १८०५) मध्ये मिरज येथे तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून छापण्यात आलेली भगवद्गीतेची प्रत होय. महाराष्ट्रात देशी संस्थानिकाच्या आश्रयाने देवनागरी लिपीत झालेल्या मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. या कामाची सुरुवात पुण्यात नाना फडणीस यांच्या हयातीत झाली आणि ते पूर्णत्वास गेले मिरजेस, गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाखाली. पत्रे कोरणारा कारागीर पुण्यातील एक तांबट होता. ग्रंथमुद्रणाच्या इतिहासात तो केवळ आपल्या जातिव्यवसायाच्या नावाने ओळखला जातो. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय मुद्रणाच्या इतिहासविषयक ग्रंथामुळे ही हकिकत अभ्यासकांच्या परिचयाची झाली.

गीतेचा मूळ पाठ संस्कृत असल्याने हा ग्रंथ मराठी भाषेतील पहिले मुद्रित पुस्तक ठरत नाही. त्याचे महत्त्व निराळे आहे. अक्षरे कोरण्याची विद्या येथे इंग्रजांच्या किंवा मिशनऱ्यांच्या छापखान्यात न राहता भांडी घडविणाऱ्या एका हातात आली, आणि तो हात जिथे गेला तिथे छपाई गेली.

पार्श्वभूमी

भारतात छापखाना प्रथम १५५६ मध्ये गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' हे मराठी महाकाव्य १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, पण रोमन अक्षरांत. स्टीफन्स यांना ते देशी लिपीत छापण्याची इच्छा नव्हती असे नाही. १६०८ मधील एका पत्रात त्यांनी अडचण स्पष्ट मांडली आहे: युरोपात चोवीस साच्यांत काम भागते, तर येथील लिपीला सुमारे ६०० साचे लागतील. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे नागरीचा पूर्ण संच पाडणे हे पुढील दोनशे वर्षे प्रत्येक मुद्रकापुढचे कोडे राहिले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील व्यापारी भीमजी पारेख यांनी कंपनीकरवी विलायतेहून मुद्रक आणविला. परंतु आलेल्या माणसाला छापता येत होते, अक्षरे कोरता येत नव्हती, म्हणून तो प्रयत्न फसला.

या कोड्यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे सुटे खिळे न पाडता संपूर्ण पान एकाच धातूच्या पत्र्यावर कोरणे. देवनागरीची अगदी आरंभीची मुद्रिते याच मार्गाने झाली आणि तीही हॉलंडमध्ये. अथानासिउस किर्चर यांच्या १६६७ साली ॲमस्टरडॅम येथे निघालेल्या 'चायना इलुस्ट्राटा' या लॅटिन ग्रंथात आग्र्यास राहिलेल्या हाइनरिख रोथ या जेझुइट पाद्र्याने पुरविलेली नागरी अक्षरे ताम्रपत्रांवरून छापलेली आहेत. मलबारच्या वनस्पतींवरील 'होर्तुस मलाबारिकुस' या बारा खंडांच्या डच ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅम येथेच प्रसिद्ध झाला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोंकणी वैद्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेले प्रमाणपत्र नागरी हस्ताक्षराच्या नक्कलेसह कोरून छापले आहे. ज्या डच कारागिरांनी ही अक्षरे कोरली त्यांना ती वाचता येत नव्हती. त्यांनी ती चित्रासारखी उतरविली. ताम्रपत्राला लिपीचे ज्ञान लागत नाही, रेषेचे लागते. या तंत्राचे बळ त्यातच होते.

तांब्यावर लेख कोरणे आपल्याकडे त्याहून कितीतरी जुने. वऱ्हाडातच त्याचे ठळक पुरावे आहेत. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळील चम्मक येथे वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेन याचा सात पत्र्यांचा ताम्रपट मिळाला. त्यात चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. वाशीम (पूर्वीच्या अकोला जिल्ह्यातील) येथे १९३९ मध्ये उजेडात आलेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट वत्सगुल्म शाखेच्या इतिहासाचे मुख्य साधन ठरला. मात्र हे दानपत्राचे ताम्रपट आणि मुद्रणाचे ताम्रपत्र यांत गफलत करू नये. दानपत्र सुलटे कोरतात, कारण ते स्वतःच वाचावयाचे असते. मुद्रणाचे पत्र उलटे कोरावे लागते, कारण वाचावयाचा असतो तो त्याचा कागदावरील ठसा. एक वस्तू एकच राहावी व टिकावी म्हणून, दुसरी अनेक व्हाव्यात म्हणून.

पुण्यातील प्रारंभ

अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुणे दरबारी इंग्रज वकील म्हणून चार्ल्स वॉर मॅलेट होते. त्यांच्या प्रोत्साहनाने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–१७९५) पुण्यात आले. त्यांनी सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची चित्रे काढली. शनिवारवाड्यात चित्रकला शिकविण्याची एक शाळाही त्यांच्या देखरेखीखाली चालली. वेल्स हे मुंबई बेटाच्या देखाव्यांची मालिका छापवून घेण्याच्या खटपटीत असल्याने रंग व कुंचल्याइतकाच त्यांचा ताम्रपत्रांशी संबंध होता. ती मालिका त्यांच्या मृत्यूनंतर लंडनमध्ये निघाली. वेरूळच्या लेण्यांची त्यांची रेखाटने थॉमस डॅनियल यांच्या देखरेखीखाली कोरली जाऊन १८०३ मध्ये चोवीस दृश्यांच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

या मंडळींसाठी काम करणाऱ्या देशी कलावंतांत गंगाराम चिंतामण तांबट यांचे नाव आज सर्वपरिचित आहे. वेरूळ व कार्ले येथील लेणी, पर्वती, पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा यांची त्यांनी काढलेली चित्रे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत. वेरूळवर मॅलेट यांनी लिहिलेला लेख 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात आला, त्यासाठीही गंगाराम यांनी रेखाटने केली होती. 'तांबट' या आडनावावरून गंगाराम हेच गीतेचे पत्रे कोरणारे कारागीर असावेत असे वाटण्याचा मोह होतो, पण दोघांना एक मानण्यास पुरेसा आधार नाही. एवढे मात्र खरे की, धातूवर हात बसलेल्या घराण्यांतील माणसे त्या काळी पुण्यात युरोपीय रेखाटनाच्या संपर्कात येत होती.

कसबा पेठेतील तांबट आळी हे या कारागिरांचे ठिकाण. हंडे, घागरी, बंब, परात घडविणे आणि ठोक्याठोक्याने पत्र्यावर मठार उठविणे हा त्यांचा व्यवसाय. अशाच एका तांबटास मॅलेट यांच्या वतीने तांब्यावर छापण्याजोगी अक्षरे कोरण्यास शिकविण्यात आले, असे सांगितले जाते. नाना फडणीसांनी त्याच्याकडे गीतेचे काम सोपविले. गीतेच्या हस्तलिखित प्रती करवून त्या ब्राह्मणांना दान देण्याची प्रथा होती. छापून घेतल्यास एका श्रमात अनेक दाने साधतील, हा विचार त्यामागे होता. नानांच्या जमाखर्ची बुद्धीला तो पटण्यासारखाच होता.

कामाचा आवाका

गीतेचे अठरा अध्याय व सातशे श्लोक. बहुतेक श्लोक बत्तीस अक्षरांच्या अनुष्टुभात असून काही त्याहून लांब त्रिष्टुभात आहेत. म्हणजे २२ हजारांहून अधिक अक्षरे, आणि प्रत्येक अक्षर उलटे. लेखकू एका बैठकीत जे पान सहज लिहून काढी, त्याला कोरणाऱ्याचे अनेक दिवस जात असणार. शिवाय लेखकूची चूक हरताळ लावून दुरुस्त होई. पत्र्यावरची चूक दुरुस्त करणे हा स्वतंत्र उद्योग होता.

ताम्रपत्र मुद्रणाची युरोपातील रूढ रीत पाहिली म्हणजे तांबटाला त्यात काय नवे शिकावे लागते आणि काय आधीच येत असते, हे ध्यानात येते. प्रथम पत्रा ठोकून सपाट व घट्ट करतात. मग दगडाने व कोळशाने घासून त्यावर आरशासारखी झिलई आणतात. ओरखडा राहिला तर तोही छापला जातो. मजकूर उलटा उतरवून घेतल्यावर चौकोनी पोलादी सळईच्या तिरप्या घासलेल्या टोकाने रेषा कोरतात. हे हत्यार हातोडीने ठोकीत नाहीत. त्याची लाकडी मूठ तळहातात धरून ते पुढे रेटतात. वळण घ्यावयाचे असेल तेव्हा हत्यार जवळजवळ स्थिर ठेवून वाळूने भरलेल्या चामडी उशीवर ठेवलेला पत्राच फिरवितात. रेषेच्या कडेला उठलेली खरखरीत कड खरवडून काढतात. नंतर सर्व पत्र्यावर शाई चोळून पृष्ठभाग मलमलीने व तळहाताने पुसतात. शाई खाचांतच उरते. त्यावर ओलसर कागद व लोकरीचे जाड कापड ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढला की कागद खाचांत शिरून शाई उचलतो. अशा छपाईत अक्षर कागदावर किंचित उंच उठते व बोटाला लागते.

या क्रियांत पत्रा तयार करणे तांबटाला कोणी शिकवावे लागत नाही. चूक दुरुस्त करण्याची युक्ती तर त्याच्याच धंद्यातली: चुकलेली जागा खरवडल्यावर तेथे खड्डा पडतो, तो पाठीमागून हलकेच ठोकून वर आणावयाचा आणि पुन्हा झिलई देऊन नव्याने कोरावयाचे. नवीन शिकावे लागते ते हातोडी बाजूला ठेवून मनगटाच्या जोराने रेषा रेटणे, आणि उलटे लिहिणे. देवनागरीत ही दुसरी गोष्ट विशेष जिकिरीची आहे. बोरूच्या तिरप्या छाटामुळे अक्षरातील जाड व बारीक रेघांना ठरावीक कल असतो. उलट कोरताना तो कल बदलून धरला नाही तर छापलेले पान परक्याने लिहिल्यासारखे दिसते. बालबोध लेखनाची ज्याला सवय होती त्या वाचकाला हा दोष तत्काळ खुपला असता.

पुण्याहून मिरजेस

काम पुरे होण्याआधीच पुण्यातील परिस्थिती पालटली. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी वेल्सही वारले. डिसेंबर १७९६ मध्ये दुसरे बाजीराव गादीवर आले, १७९७ च्या सुमारास मॅलेट यांनी पुणे सोडले आणि त्या वर्षाच्या अखेरीस नाना कैद झाले. पुढे सुटका होऊनही नानांच्या हाती पूर्वीची स्वस्थता आली नाही व १३ मार्च १८०० रोजी त्यांचे निधन झाले. शिकविणारा, योजणारा आणि पैसा पुरविणारा असे तिन्ही आधार पाच वर्षांच्या आत गेले. नव्या राजवटीत या कामाला आश्रय मिळाला नाही.

तांबट तेव्हा मिरजेस गेला. तेथील जहागीरदार गंगाधरराव गोविंद पटवर्धन हे पटवर्धन घराण्यातील वडील पिढीचे सरदार होते. पुतणे चिंतामणराव यांच्याशी वाटणी होऊन चिंतामणरावांनी सांगलीस वेगळे ठाणे केले ते याच सुमारास. पुण्याच्या धामधुमीच्या मानाने कृष्णाकाठी काहीसे स्थैर्य होते. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले, डिसेंबरअखेर वसईचा तह झाला, आणि पुढील वर्षी इंग्रजी फौजा पेशव्याला गादीवर बसविण्यासाठी पुण्यात आल्या. या घडामोडींत पुण्यातच राहिला असता तर या कारागिराचे काय झाले असते, हे सांगावयास नको. गंगाधररावांनी त्याला ठेवून घेतले व शके १७२७ मध्ये गीता छापून झाली.

पुण्यात शिकलेल्या माणसाने मिरजेत काम पुरे करावे, यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. खिळ्यांचा छापखाना हलवावयाचा तर पेट्या, भट्टी, साचे, जुळारी, दाबयंत्र सर्व हलवावे लागते. ताम्रपत्रे कोरणाऱ्याचे भांडवल त्याच्या हातात व हत्यारांच्या गुंडाळीत मावते. म्हणूनच राज्यक्रांतीच्या त्या काळात हे काम तगले. आणि त्याच कारणाने ते वाढलेही नाही.

१८०५ चे वर्ष

ज्या वर्षी मिरजेत गीता निघाली त्याच वर्षी बंगालमध्ये सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यातील मराठी शब्द देवनागरी खिळ्यांनी छापलेले होते. त्याच सुमारास तंजावरास सर्फोजीराजे भोसले यांनी देवनागरी छापखाना उभारला. तीन ठिकाणी, एकमेकांपासून शेकडो कोसांवर, मराठी माणसांच्या लिपीला छापील रूप येत होते; तिघांची तंत्रे व हेतू मात्र सारखे नव्हते.

सेरामपूरचे उदाहरण मिरजेशी ताडून पाहण्यासारखे आहे. तेथील खिळ्यांमागे पंचानन कर्मकार हे बंगाली कारागीर होते. धातुकाम हाच त्यांचाही पिढीजात व्यवसाय. चार्ल्स विल्किन्स यांनी त्यांना ठसे कोरण्यास शिकविले, आणि हेच विल्किन्स १७८५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या गीतेच्या पहिल्या इंग्रजी अनुवादाचे कर्ते. म्हणजे दोन्हीकडे इंग्रज अधिकारी, दोन्हीकडे धातूत हात बसलेला देशी कारागीर, दोन्हीकडे गीता. फरक पुढे पडला. पंचानन यांनी पोलादी ठसा कोरला की त्यावरून साचा, साच्यावरून हवे तितके खिळे, खिळ्यांवरून हवे ते पुस्तक निघे. शिवाय त्यांनी जावई मनोहर यांना हाताखाली तयार केले आणि ठसे कोरण्याचे काम कुटुंबात पुढे चालले. मिरजेच्या पत्र्यांवरून फक्त गीता निघू शकत होती. दुसरा ग्रंथ छापावयाचा तर पहिल्या अक्षरापासून पुन्हा आरंभ. पंचानन यांचे नाव टिकले ते केवळ त्यांच्या कौशल्यामुळे नव्हे. त्यांना कामावर ठेवणारी संस्था हिशेब व अहवाल लिहून ठेवीत होती.

मिरजेच्या कामाला दानाचा हेतू होता, विक्रीचा नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. प्रती वाटल्या की पुण्यकर्म पुरे झाले. पुढचे पुस्तक काढण्याची निकड आश्रयदात्याला नव्हती आणि बाजार म्हणून वाचक अजून जन्माला यावयाचा होता. तंत्र अपुरे पडले असे म्हणण्यापेक्षा त्याला दुसरे काम मिळाले नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. हस्तलिखिताच्या एका पाठोपाठ एक प्रतींत शिरणारे पाठभेद टाळण्याचे सामर्थ्य या पत्र्यांत होते. परंतु त्या दृष्टीने त्यांचा विचार झालेला दिसत नाही.

युरोपातील समांतर परंपरा

ज्या हॉलंडमध्ये नागरी अक्षरे प्रथम तांब्यावर उमटली तेथे हा व्यवसाय विसाव्या शतकापर्यंत अखंड चालला. हार्लेम येथील योहान एन्स्खेडे या जुन्या मुद्रणसंस्थेत १९३६ मध्ये रुजू झालेले सेम हार्ट्स (१९१२–१९९५) हे या परंपरेतील प्रसिद्ध उत्कीर्णक. टपाल तिकिटे व नोटा यांसाठी ते कोरीव काम करीत आणि त्याच हाताने त्यांनी 'एमर्गो' व 'ज्युलियाना' यांसारखी मुद्राक्षरेही आखली. पत्रा कोरणारा व खिळ्यांची अक्षरे घडविणारा असे दोन्ही पेशे एका माणसात एकत्र येण्याला तेथे संस्थेचे पाठबळ होते. महाराष्ट्रात हे दोन धागे जुळण्यापूर्वीच पहिला तुटला.

नंतरचा काळ

एकोणिसाव्या शतकात मराठी मुद्रणाने ताम्रपत्राचा मार्ग सोडला. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळाछापात लेखकूने खास कागदावर सुलटे लिहिलेले अक्षर दगडावर आपोआप उलटे उतरते. कोरण्याचे कष्ट नाहीत व बोरूचे वळणही जसेच्या तसे राहते. गीतेसारख्या पोथ्यांसाठी ताम्रपत्राला जो एक लाभ होता, तोच शिळाछापाने अल्प खर्चात दिला. पुढे जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांच्या निर्णयसागर छापखान्यात राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांनी देवनागरी खिळ्याला सुबक रूप आले आणि संस्कृत ग्रंथांच्या निर्णयसागरी आवृत्त्या देशभर प्रमाण मानल्या जाऊ लागल्या. ठसे कोरणारा आरू यांच्यासारखा कारागीर या टप्प्यावर नावानिशी ओळखला जाऊ लागला, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

खाचेतून शाई उचलण्याचे तत्त्व मात्र नाहीसे झाले नाही. भारतीय नोटांवरील बोटाला जाणवणारी उंच छपाई त्याच तत्त्वावर होते आणि नाशिकरोड येथील चलनपत्र मुद्रणालयात ती आजही चालू आहे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचा पत्रा अजून ठोकला जातो, पण भांड्यांसाठी.